पहाटेचे लाल दिवे : नोकरी, घर आणि सायकल यांचा मेळ कसा घातलात?

गेल्या रविवारी मुलीला दहावीच्या अभ्यासासाठी पाच वाजता उठवले आणि चहाचे आधण ठेवले, तेव्हा खिडकीतून सिंहगड रस्त्यावर एकामागोमाग जाणारे सात-आठ लाल दिवे दिसले. सायकलींचे मागचे दिवे लांबूनही ओळखू येतात. ते धायरी फाट्याच्या दिशेने दिसेनासे होईपर्यंत मी ओट्यापाशी उभा होतो.

२०१५ ते २०१८ या काळात मीही त्या रांगेत असे. मुलगी लहान होती, पत्नीची बँकेत नोकरी आणि माझी हिंजवडीला. आम्ही ठरवून घेतले होते की बँकेला सुट्टी असलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सकाळ तिची, रविवारची माझी, आणि रविवारी साडेआठच्या आत मी दारात हवा. एकदा सिंहगडाच्या घाटात माथा दोनेक किलोमीटरवर असताना घड्याळात पावणेआठ झाले. सोबत्यांनी खूप आग्रह केला, पण मी सायकल वळवली. उतरताना डोळ्यांत पाणी आले, हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे. घरी पोहोचलो तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटे झाली होती आणि पत्नीने काही न बोलता पोह्यांची बशी पुढे केली. पुढच्या वर्षी मी दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचे, नाव काढले, तेव्हा साडेतेरा तासांच्या मुदतीचा तो अख्खा रविवार तिने आपणहून दिला. वाटेतल्या थांब्यांवर कार्डावर मारून घेतलेले शिक्के घामाने फुटले आहेत, पण कार्ड अजून कपाटात आहे.

२०१८ मध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला आणि सायकल भिंतीवर टांगली गेली. आपण हा मेळ कसा घातलात, किंवा का घालता आला नाही, ते सविस्तर लिहावे.

प्रतिसाद, ठाणे
दादा, साडेआठचा नियम वाचून बरे वाटले. माझा नियम सहा वाजून वीस मिनिटांचा आहे, कारण सात वाजता शाळेची व्हॅन येते. कणीक रात्रीच मळून ठेवते, भाजी चिरून डब्यात असते, आणि पावणेपाचला उपवन तलावापाशी आम्ही चौघी जमतो. येऊरचा चढ एकदा करून खाली आलो की वेळ संपते. चौघींपैकी दोघी आल्या नाहीत, तर आम्ही जात नाही, कारण त्या अंधारात एकट्या-दुकट्या बाईने जावे असा तो रस्ता नाही. पुरुषांना घरातल्या एका माणसाची वेळ जुळवावी लागते. आम्हाला घरची आणि शिवाय तीन मैत्रिणींच्या घरचीही. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात “कुकर मी लावते, तू जा” असे सांगितले नसते, तर मी आजही बाल्कनीतूनच दिवे पाहत असते.

प्रतिसाद, नाशिक
माझे हार्डवेअरचे दुकान आहे, त्यामुळे रविवारही कामाचाच. सुट्टी शनिवारी, आणि तीही सणासुदीला नाही. २०१५ साली आमच्या गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा दुकानात दिवसभर तोच विषय होता. रुग्ण सांभाळणारे डॉक्टर जर हे करू शकतात, तर दहाला शटर उघडणाऱ्या माणसाला सबब उरत नाही, असे मला मनापासून वाटले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो, जाऊन-येऊन पंचावन्न-साठ किलोमीटर. माझ्या मते लांब राईडपेक्षा ठरलेले वार महत्त्वाचे. मंगळवार आणि शुक्रवार घरच्यांच्याही अंगवळणी पडले आहेत, आणि त्या दिवशी दूध आणण्याचे काम मुलाकडे असते.

प्रतिसाद, चिपळूण
आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रश्नच येत नाही, कारण एवढ्या पावसात साखळीला दोन दिवसांत तांबेरा चढतो. मागच्या दिव्याबद्दल विचारायचे होते. लुकलुकणारा ठेवावा की स्थिर?

प्रतिसाद, नागपूर
मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे ठरलेले वार मला शक्य नाहीत. महिन्याचे वेळापत्रक लागले की मी आधी रात्रपाळीनंतरच्या सकाळींवर फुली मारते. तीन वर्षांपूर्वी रात्रपाळी संपवून तशीच फुटाळा तलावाकडे निघाले होते. सरळ रस्त्यावर क्षणभर डोळा लागला आणि चाक दुभाजकाला घासले. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण जागरणानंतर सायकल नाही, हे त्या दिवशी ठरले. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पंख्याखाली चाळीस मिनिटे चालवते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना घरघर ऐकू येत असे, म्हणून जाड रबरी चटई घातली आणि त्यांना विचारून संध्याकाळी सहाची वेळ ठरवली. आता एखाद्या दिवशी आवाज आला नाही, तर त्या तब्येत विचारायला वर येतात.

प्रतिसाद, उट्रेख्त, नेदरलँड्स
इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. मुले आठला झोपतात आणि मग मला दीड तास मिळतो. डिसेंबरमध्ये मात्र साडेचारलाच अंधारते. चढ नाहीत, पण समोरचा वारा घाटापेक्षा कमी नाही. एक गोष्ट इथल्या वयस्कर सायकलस्वारांकडून शिकलो, ती म्हणजे जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे येताना वारा पाठीशी राहतो आणि घरी दिलेली वेळ पाळता येते. सुरुवातीला मी उलटे केले होते आणि चाळीस मिनिटे उशिरा पोहोचलो, तेव्हा धाकटा तापाने फणफणला होता. ती रात्र मी विसरलेलो नाही.

प्रतिसाद, कोल्हापूर
मी सायकल चालवत नाही. माझे यजमान चालवतात, आणि या धाग्यावर घरी थांबणाऱ्या माणसाचे कोणीतरी लिहावे, म्हणून लिहिते आहे.

साडेचारला दिवा लागतो, कपाटाचे दार वाजते, आणि माझी झोप तिथेच संपते. आता ते कपडे, बाटल्या आणि हेल्मेट रात्रीच बाहेरच्या खोलीत काढून ठेवतात. एवढ्याने माझा रविवार बदलला. दुसरे म्हणजे, राईड तीन तासांची असली तरी नंतरची झोप दोन तासांची असते, आणि ती कोणी हिशेबात धरत नाही. आम्ही ती धरायला लागलो, तेव्हा भांडणे थांबली.

दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्याहून येताना उलट्या बाजूने आलेल्या दुचाकीने त्यांना उडवले. नऊ वाजून गेले तरी फोन नव्हता. मी उपम्यासाठी रवा भाजत होते; तो करपला तरी हात थांबला नाही, कारण थांबले असते तर रडू आले असते. खांद्याजवळचे हाड मोडले होते आणि सहा आठवडे हात झोळीत होता. सातव्या आठवड्यात त्यांनी सायकलकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. मीच टायरमध्ये हवा भरून ठेवली. घरी बसलेला तो माणूस मला ओळखीचा वाटत नव्हता. आता ते निघताना फोनवर आपला ठावठिकाणा सुरू करून जातात आणि मी तो पाहत राहते.

धागाकर्ता
चिपळूणकर, माझा अनुभव असा की मागे स्थिर आणि लुकलुकणारा असे दोन्ही दिवे असावेत. स्थिर दिव्याने मागच्या वाहनाला अंतराचा अंदाज येतो.

कोल्हापूरच्या ताई, आपला प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाणी नऊला जायचे, म्हणून मी साडेआठ सांगितले होते. वर जाऊन आला असतास, तर मी बादल्या भरून ठेवल्या असत्या.” इतक्या वर्षांत मी हे विचारलेच नव्हते.

मार्चमध्ये परीक्षा संपली की सायकल खाली घ्यायची, असे ठरले आहे. टायरच्या कडा भेगाळल्या आहेत, ते बदलावेच लागतील. पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या टायरच्या जागी अठ्ठावीसचे बसतील का?

प्रतिसाद, ठाणे
दादा, ब्रेकच्या कमानीखाली आणि मागे चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) दोन्ही बाजूंना, नवे टायर बसल्यावर निदान चार मिलिमीटर जागा उरली पाहिजे. आताच्या टायरसह चाक बसवून जागा मोजा आणि मगच दुकानात जा.