ऑनलाइन विक्री कशाने वाढली? तुमचे अनुभव सांगा

आज कपाट आवरताना जुन्या पार्सलांच्या पावत्यांचा गठ्ठा हाती लागला आणि ते दिवस आठवले. मी कापडी पिशव्या शिवते. तेव्हा चौकश्या भरपूर, ऑर्डरी तुरळक. प्रश्न ठरलेला, "केवढी आहे?" माप लिहिलेलं असायचं, पण सेंटिमीटर वाचून पिशवी डोळ्यांपुढे उभी राहत नाही. मग पिशवी खांद्याला अडकवून, आत लॅपटॉप अर्धवट सरकवून फोटो काढला. तेव्हापासून लोक विचारत बसत नाहीत, थेट घेतात. तुमच्याकडे कशाने फरक पडला?

---

शिपिंग!! सगळं भरून झाल्यावर शेवटच्या पानावर तो आकडा दिसला की गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं. आम्ही तो किमतीतच धरला. एकूण रक्कम तीच, पण अर्धवट सोडलेल्या ऑर्डरी खूप घटल्या.

---

+१. आणि खोक्याकडेही बघा. बरेच कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५००० करतात, येतील ते किलो. ते आणि खरं वजन, यातलं जास्त असेल त्याचे पैसे. माझी लॅम्पशेड अर्ध्या किलोची, खोकं ४० × ३० × ३०, म्हणजे ७.२ किलो! आता घडी होणारी बनवते.

---

७.२?? बाप रे. आजच टेप घेऊन बसते.

---

बाळ उठायच्या आत लिहिते. कानातल्यांना छान छान नावं ठेवायची मलाही हौस आहे, पण शोधणारी "हलके ऑक्सिडाइज्ड झुमके" असंच टाइप करते. ते आधी, हौसेचं नाव नंतर. उठलाच, येते.

---

माझे फोटो पिवळट येतात, कोणीतरी सांगा ना

---

खोलीतले दिवे बंद करा. खिडकीजवळ, पण थेट ऊन नको. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, सावली उजळते. बल्ब आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की रंग बिघडतो, आणि रंग वेगळा निघाला की माल परत येतो.

---

पिशवीवाल्या ताई, आत खिसा आहे का? बहिणीला हवीये.

---

आहे, चेनचा. मेसेज करते 🙂

---

आम्हाला जुन्या ग्राहकांनी तारलं. पार्सल पोचल्यावर थोड्या दिवसांनी "वापरून बघितलंत का?" एवढंच विचारतो. काही जण आपणहून फोटो पाठवतात, परवानगी घेऊन ते पानावर लावतो. नवीन माणूस आधी तेच उघडतो.

---

दादा, परवानगी मागायचा मेसेज इथे टाकाल का? मला तो नीट लिहायला जमत नाही.