शिबिरातल्या एआय एक्स-रेने वडिलांना टीबीचा संशय दाखवला, थुंकी मात्र निगेटिव्ह. कुणाचं खरं धरायचं?

माणदेशी_पोरगा

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावतो, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

गाव माण तालुक्यात. मी पुण्यात, आई-वडील गावी. वडील ६६ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते. १९९८ मध्ये त्यांना टीबी झाला होता. पूर्ण कोर्स केला, बरे झाले आणि निवृत्तीपर्यंत गाडी चालवली. मागच्या आठवड्यात झेडपीच्या शाळेत टीबी तपासणीचं शिबिर होतं. मोठ्या कॅमेऱ्यासारखं हातात धरायचं एक्स-रे यंत्र, शेजारी बाकावर लॅपटॉप. फोटो काढल्यावर मिनिटभरात पडद्यावर छातीचं चित्र आलं, उजव्या बाजूला वर लाल-पिवळा डाग आणि खाली आकडा ०.७१. तिथला पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, संशयित दाखवतंय, थुंकीची डबी घेऊन जा." मागे निम्मं गाव रांगेत. वडील जागेवरच भडकले. "मला एकदा झालाय, कोर्स केलाय, कार्ड हाय घरात." डबी तिथेच ठेवून निघून आले.

आशाताई दोनदा घरी आल्या तेव्हा कुठे नमुना दिला. रिपोर्ट आला निगेटिव्ह. वडिलांच्या मते विषय संपला. चुलतभावाचं मेडिकलचं दुकान आहे. तो म्हणतो, मशीन ७१ टक्के सांगतंय, तर वाट कसली बघता, मी गोळ्या काढून देतो. आई काहीच बोलत नाही, पण फोनवर हळूच म्हणाली की त्यांनी पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. सकाळचा खोकला आहे, पण तो विडीमुळे कायमचाच.

हे एआय खरंच डॉक्टरइतकं ओळखतं का? आणि थुंकी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो का?

बिनधास्त_बंड्या

टार्गेट असतंय भावा. दिवसाला इतके नमुने दाखवायचे असतात, म्हणून मशीन सगळ्यांनाच लाल करतंय. लक्ष देऊ नका.

पिक्सेलवाला

बंड्या, तसं असतं तर रांगेतल्या सगळ्यांच्या हातात डबी आली असती.

मी वैद्यकीय इमेजिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. टीबीवर काम नाही, पण त्या आकड्याबद्दल बोलू शकतो. ०.७१ म्हणजे ७१ टक्के टीबी नव्हे. सॉफ्टवेअरला आधी ढीगभर एक्स-रे दाखवलेले असतात, टीबी असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे. समोरचा फोटो त्यातल्या टीबीवाल्यांच्या किती जवळ जातो, त्याचे हे गुण. एका कंपनीचे ०.७१ आणि दुसरीचे ०.७१ सारखे धरता येत नाहीत. कितीच्या वर थुंकी मागायची ती रेघ माणसं ओढतात. रेघ खाली आणली की रुग्ण सुटत नाहीत, पण धडधाकट माणसं जास्त बोलावली जातात आणि किट संपतात.

आता भावाला हा हिशोब दाखवा. अशा चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा साधारण अशी आहे: १०० रुग्णांतले ९० पकडले जावेत आणि १०० निरोगी लोकांतले ७० बिनडबीचे घरी जावेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात प्रौढांत लाखामागे सुमारे ३०० जणांना फुप्फुसाचा टीबी निघाला होता. म्हणजे लाखभर लोकांचे फोटो काढले तर त्या ३०० पैकी २७० सापडतील आणि टीबी नसलेले तीस हजाराच्या आसपास लोक उगाच डबी घेऊन जातील. शिबिरात मुद्दाम जोखमीची माणसं बोलावतात, त्यामुळे प्रत्यक्षात प्रमाण बरं असतं. तरीही डबी मिळालेल्यांत टीबी नसलेलेच जास्त निघणार. एवढ्यावर गोळ्या सुरू करणं म्हणजे वेडेपणा.

लाल डागाचंही तसंच. निर्णय देताना सॉफ्टवेअरचा भर कुठल्या भागावर होता, ते त्यातून दिसतं. रोग तेवढ्याच जागेत आहे, असं त्यावरून म्हणता येत नाही.

स्लाइडवाली_ताई

पोरा, पहिलं काम म्हणजे चुलतभावाला फोन लाव आणि एकही गोळी देऊ नको म्हणून सांग. टीबीच्या तर नाहीच, पण खोकल्यासाठी म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनसुद्धा नको. ते औषध टीबीच्या जंतूवर अर्धंमुर्धं चालतं. आठ दिवस बरं वाटतं, नमुन्यातले जंतू कमी होतात, तपासणी निगेटिव्ह येते आणि दोन महिन्यांनी माणूस आणखी खंगून आमच्याकडे येतो. असे पेशंट मी लॅबमध्ये किती पाहिले त्याची गणती नाही.

मी २००३ पासून टीबीच्या लॅबमध्ये आहे, थुंकी बघणं हेच माझं काम. त्यामुळे मशीनपेक्षा मला तुझा 'निगेटिव्ह' जास्त खुपतोय. तीन गोष्टी सांग. नमुना कधी दिला? डबीत काय होतं, थुंकी की बेडका? आणि तपासणी कुठली केली, सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघितली की ट्रूनॅट यंत्रावर लावली? रिपोर्टवर लिहिलेलं असतं.

माणदेशी_पोरगा

ताई, आईला विचारून सांगतो. आशाताई दुपारी चहाच्या वेळेला आल्या, तेव्हा वडिलांनी दारातच डबीत थुंकून दिलं. आई म्हणते, पाण्यासारखं होतं, फेसाळ. रिपोर्टचा फोटो मागवला, त्यावर 'मायक्रोस्कोपी' लिहिलंय.

स्लाइडवाली_ताई

वाटलंच. म्हणजे तुमच्याकडे निगेटिव्ह रिपोर्ट आलाय तो लाळेचा. छातीतलं अजून कुणी पाहिलेलंच नाही.

स्लाइडवर जंतू दिसायला एका मिलीलीटर बेडक्यात साधारण दहा हजार तरी असावे लागतात. त्याहून कमी असले तर मी डोळे फोडून शंभर फील्ड बघितले तरी दिसणार नाहीत. लाळेत तर बोलायलाच नको. ट्रूनॅट जंतूचा डीएनए शोधतं, त्यामुळे कितीतरी कमी जंतू असले तरी सापडतात. यंत्र आपल्या गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं, तासाभरात उत्तर देतं. तालुक्याला बहुतेक असेलच. नसेल तर नमुना जिथे आहे तिथे पाठवतात, तुम्ही फक्त आग्रह धरायचा.

आता नमुना कसा द्यायचा ते नीट वाच आणि वडिलांना वाचून दाखवू नकोस, आईला सांग. ड्रायव्हर माणसाला हुकूम दिलेला चालत नाही.

रात्री डबी उशाशी ठेवायची. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, विडीच्या आधी. कवळी असेल तर काढायची. साध्या पाण्याने चूळ भरायची, पेस्ट नको. मग अंगणात किंवा गच्चीवर जायचं, घरात कुणासमोर नको. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. घसा खाकरून आलेलं नको, छातीतून आलेलं पाहिजे. घट्ट, पिवळट, चिकट दिसलं की समजायचं बरोबर आहे. चमचाभर पुरे. येतच नसेल तर आदल्या रात्री भरपूर पाणी प्यायचं आणि सकाळी गरम पाण्याची वाफ घ्यायची. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोचवायचं. डबी उन्हात, गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत ठेवू नका. डबीवर नाव झाकणावर न लिहिता बाजूला लिहायचं, झाकणं बदलतात.

आणि लॅबवाल्याला आधी टीबी होऊन गेलाय हे सांगायचंच. पॉझिटिव्ह आलं तर त्याच नमुन्यावर ट्रूनॅटची दुसरी चिप लावून रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का ते बघतात. पूर्वी कोर्स झालेल्यांत औषधाला न जुमानणारा जंतू निघण्याची शक्यता जास्त असते. गोळ्या कुठल्या द्यायच्या हे त्यावर ठरतं. मेडिकलवाल्या भावाला एवढं सांगितलंस तरी तो गप्प बसेल.

छातीचा_डॉक्टर

ताईंच्या लिहिण्यात बदल करण्यासारखं काही नाही. एक्स-रेच्या बाजूने थोडी भर घालतो.

मूळ प्रश्न होता की एआय डॉक्टरइतकं ओळखतं का. याचं सर्वांत चांगलं उत्तर ढाक्यातून आलंय. तिथल्या तीन केंद्रांतल्या जवळपास २४ हजार लोकांचे एक्स-रे पाच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना दिले, त्यातलं एक मुंबईच्या कंपनीचं होतं. प्रत्येकाची डीएनए तपासणीही केलेली होती, त्यामुळे ताडून बघायला पक्का आधार होता. २०२१ मध्ये निकाल छापून आले: पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीत डॉक्टरऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचायला मान्यता दिली. माझ्यासारख्याला हे वाचून जरा झोंबलं, पण ज्या तालुक्यात रेडिओलॉजिस्टच नाही तिथे तक्रार कुणी करायची?

मात्र त्याच अभ्यासात असंही निघालं की साठीपुढच्या लोकांत आणि आधी टीबी होऊन गेलेल्यांत पाचही सॉफ्टवेअरची कामगिरी घसरली. तुमचे वडील या दोन्ही गटांत बसतात. बरा झालेला टीबी फुप्फुसाच्या वरच्या भागात वण ठेवून जातो, कधी पोकळीही राहते. सॉफ्टवेअरला आजचा एकच फोटो दिसतो. तो डाग सत्तावीस वर्षांचा आहे की दोन महिन्यांचा, हे त्याला कसं कळणार?

ते आपल्याला कळू शकतं, जुनी फिल्म असेल तर. १९९८ ची नसली तरी निवृत्तीच्या आधी वैद्यकीय तपासणीत काढलेली, डोळ्याच्या नाहीतर हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेली, कुठलीही चालेल. कपाटावरच्या पिशव्या, लग्नाच्या अल्बममागे, गादीखाली शोधा. आपल्याकडे एक्स-रे तिथेच सापडतात. दोन फोटो शेजारी ठेवले आणि सावली जशीच्या तशी असली तर जीव निम्मा भांड्यात पडतो. वाढली असली तर थांबायचं नाही.

ट्रूनॅटही निगेटिव्ह आलं तरी पट्ट्याचं ते नवीन भोक मला सोडवत नाही. ६६ वय, विडी, घटलेलं वजन आणि वरच्या भागात सावली, यात टीबीखेरीज कॅन्सरही बघावा लागतो. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळाही होतो, त्यात कधी खोकल्यातून रक्त पडतं. हे सॉफ्टवेअर टीबीसाठी लावलेलं होतं, इतर गोष्टींसाठी डॉक्टरने फोटो बघायला हवा. सीटी लागेल की नाही ते तपासून ठरेल. वडिलांना एकदा छातीच्या डॉक्टरकडे न्या, सरकारीत न्या की खासगीत, पण न्या.

बिनधास्त_बंड्या

बरं, टार्गेटचं मागे घेतो. पण खोकला नाही, ताप नाही अशा लोकांचे पण फोटो काढत होते आमच्याकडे. ते कशाला? फुकट रेडिएशन.

स्लाइडवाली_ताई

बंड्या, वर पिक्सेलवाल्याने ज्या सर्वेक्षणाचं नाव घेतलं त्यातच उत्तर आहे. सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के एक्स-रे काढला नसता तर सुटलेच असते. खोकला वगैरे विचारून ते सापडणारे नव्हतेच. ही माणसं कामाला जातात, एसटीत शेजारी बसतात, आपल्याला काही झालंय हे त्यांच्या गावीही नसतं. रेडिएशनचं म्हणशील तर छातीच्या एका फोटोचा डोस काही दिवस नुसतं जमिनीवर राहून मिळतो तेवढाच. फक्त बाई गरोदर असेल तर आधी सांगायला हवं.

आमच्याकडे पूर्वी 'दोन आठवडे खोकला' एवढी एकच गाळणी होती. विडीवाले सगळे म्हणायचे, खोकला तर नेहमीचाच. म्हणजे तुझ्या-माझ्या बापाचीच गोष्ट.

त्या शिबिरातल्या पोराने सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे मात्र खरं. लॅपटॉपचा पडदा रांगेकडे पाठ करून ठेवायला पैसे पडत नाहीत. माणूस डबी टाकून गेला की पुढचं सगळं तंत्रज्ञान वाया.

माणदेशी_पोरगा

सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी जातोय. आईने ट्रंकेत शोधलं, २०१६ ची फिल्म सापडली, कोपरा चिकटलाय पण दिसतं. भावाला गोळ्यांचं सांगितलं, थोडा फुगलाय.

आणखी एक विचारायचं होतं. माझी भाची नऊ वर्षांची, आजोबांजवळच झोपते. तिचाही त्या यंत्रावर फोटो काढून घेऊ का, शिबिर अजून शेजारच्या गावात आहे.

छातीचा_डॉक्टर

त्या सॉफ्टवेअरवर नको, ते १५ वर्षांवरच्यांसाठी आहे. मुलांच्या फुप्फुसातला टीबी वेगळा दिसतो, गाठी जास्त असतात, आणि मुलं बेडका देत नाहीत. तिचं वजन गेल्या काही महिन्यांत वाढलंय का बघा. ताप, खोकला, मरगळ असेल तर वाट न बघता मुलांच्या डॉक्टरकडे न्या, एक्स-रे लागला तर तो डॉक्टरच वाचतील. काहीच त्रास नसेल तर आजोबांचा रिपोर्ट येईपर्यंत फक्त वेगळी झोपू द्या, खिडकी उघडी ठेवा. आजोबांना टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांचीच तपासणी होते आणि रोग नाही याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात.

स्लाइडवाली_ताई

शनिवारी जातोयस तर डबी शुक्रवारीच आशाताईंकडून मागवून ठेव. रविवारी लॅब बंद असते, शनिवारी सकाळचाच नमुना दे. आणि तू स्वतः घेऊन जा, वडिलांना पाठवू नको.