जालना रोडवर इतके उड्डाणपूल झाल्यावर मेट्रो जाणार कुठून?

शिफ्टवाला मुकुंदवाडी
नमस्कार. मी संभाजीनगरात मुकुंदवाडीला राहतो, वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. फर्स्ट शिफ्टला पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून काही वाटत नाही, पण जनरल शिफ्ट आली की सिडको, सेव्हन हिल्स, मोंढा नाका, क्रांती चौक, महावीर चौक करत नगर नाक्याला पोचेस्तोवर जीव मेटाकुटीला येतो आणि पुढं वाळूजजवळच्या पंढरपूर गावच्या चौकात परत तेच. शेंद्रा ते वाळूज, म्हणजे शहराच्या दोन टोकांच्या एमआयडीसी जोडणारी मेट्रो होणार हे कितीतरी वर्षं ऐकायलोय, कधी मेट्रो म्हणतात, कधी मेट्रो निओ, कधी डबल डेकर पूल. माझा प्रश्न एवढाच की जालना रोडवर आधीच उड्डाणपूल उभे आहेत, मधे जागा नाही, खाली पाण्याच्या लाइनी, मग मेट्रोचे खांब रोवणार कुठं? आणि जमिनीखालून का नाही नेत, मुंबईत नेलीच ना? कुणी या कामात असेल तर नीट समजावून सांगा. पोरगं दहावीला आहे, ते कामाला लागेपर्यंत तरी होईल का?

नांदेडचा सिव्हिलवाला
दादा, मी मेट्रोच्या व्हायाडक्टवर, म्हणजे खांबांवरच्या उंच मार्गाच्या कामावर, साइट इंजिनिअर म्हणून काही वर्षं काढलीत म्हणून जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी चांगली गोष्ट. संभाजीनगरात जमीन आपल्या बाजूनं आहे. मुरूम लागला की थोड्याच खोलीवर कच्चा दगड, मग काळा पाषाण. आमच्या नांदेडला गोदाकाठी काळी माती आहे, तिथं पाइल, म्हणजे पायाचे जमिनीतले खांब, खोल न्यावे लागतात, तुमच्याकडं पाया तेवढा अवघड नाही. खांब उभा राहील, प्रश्न तो कुठं उभा करायचा याचा आहे.

रुळावरची गाडी मोटारीसारखी वळत नाही हे लोक विसरतात. मेट्रोला वळणाची त्रिज्या साधारण 120 मीटर तरी लागते आणि चढ 4 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे चौकात काटकोनात वळायचं म्हटलं की कोपऱ्यावरच्या इमारती मधे येतात. आणि उभ्या उड्डाणपुलाच्या वरून न्यायचं तर रूळ पाचव्या-सहाव्या मजल्याच्या उंचीवर जातात, मग स्टेशनही तेवढंच उंच, म्हाताऱ्या माणसानं लिफ्ट बंद असली तर चढायचं कसं? शिवाय चिकलठाणा विमानतळ जालना रोडला लागूनच आहे, तिथं उंचीला विमानतळवाल्यांची परवानगी लागणार. पुढं छावणीत लष्कराची जागा, तिथं संरक्षण खात्याची. या सगळ्या परवानग्या काम सुरू व्हायच्या आधी हातात पाहिजेत, नाहीतर दोन्ही टोकांना खांब आणि मधेच खिंडार.

नागपुरात वर्धा रोडला बघा, खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, सगळं एकाच खांबावर, 3.14 किलोमीटर. ते जमलं कारण पूल आणि मेट्रो एकाच वेळी कागदावर आले. पुण्यात विद्यापीठ चौकात उलटं झालं, पूल आधी बांधून बसले, मग मेट्रोला जागा पाहिजे म्हणून 2020 मध्ये तो पाडला आणि परत डबल डेकर बांधायला घेतला. जनतेचा पैसा दोनदा गेला, वर तितकी वर्षं लोकांनी ट्रॅफिकमधी काढली. आपल्या जालना रोडला हेच होईल याची मला खरंच भीती वाटते. आता जो कोणता पूल नवीन होईल त्याच्या खांबात वरच्या मेट्रोचा भार धरूनच डिझाइन झालं पाहिजे. आज थोडा जास्त खर्च होईल, नंतरचा पाडापाडीचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे.

नांदेडचा सिव्हिलवाला
खालच्या लाइनींचं राहिलं. पाइल घ्यायच्या आधी आम्ही ट्रायल पिट घेतो, म्हणजे मशीन न लावता माणसांनी हातानं खड्डा खोदायचा, टिकाव पण सांभाळून मारायचा. एका ठिकाणी ड्रॉइंगमधी एकच पाण्याची लाइन दाखवलेली होती. खोदलं तर दोन फुटावर टेलिफोनची केबल, तिच्या बाजूला जुनी बिडाची पाइपलाइन चालू अवस्थेत, कुठून येते कुठं जाते कुणालाच माहीत नाही, आणि तिच्याखाली ड्रेनेज. जुन्या वस्तीतला एक प्लंबर मामा आला तेव्हा कळलं की अर्धी गल्ली त्याच लाइनीवर पाणी भरते. त्या एका खांबाला आमचे अडीच महिने गेले. असे शेकडो खांब असतात हो. म्हणून खालचा नकाशा आधी पक्का पाहिजे. जायकवाडीची 2,500 मिलिमीटरची लाइन टाकताना रस्त्यांची कशी ओढाताण झाली ते तुम्ही बघितलंच.

भुयाराचं म्हणाल तर मुंबईची मेट्रो 3 बघा, 33.5 किलोमीटर, 27 स्टेशनं, त्यातली 26 जमिनीखाली. सगळी लाइन चालू व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला. पुण्याचं सिव्हिल कोर्ट स्टेशन सुमारे 33 मीटर खोल आहे. भुयारी कामाला उंचावरच्या मेट्रोच्या दुपटीहून जास्त पैसा लागतो, बोगदा मशीन खोदतं पण स्टेशनसाठी वरून रस्ता उकरावाच लागतो. आणि आपल्या जुन्या शहराखाली मलिक अंबरच्या काळातली नहर, म्हणजे पाणी आणणारा भुयारी कालवा, आहे. चारशे वर्षं जुनी ती नहर कुठून कशी जाते ते आधी धुंडाळल्याशिवाय तिथं कुणी ड्रिल लावू नये असं माझं ठाम मत आहे.

जालना अपडाऊन
सिव्हिलवाले साहेबांनी छान सांगितलं. मी एक वेगळंच म्हणतो. आपल्याकडं रूळ आधीच आहेत की. जालना, बदनापूर, करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी, संभाजीनगर, दौलताबाद. मी रोज जालन्याहून येतो, गाडीला जागा मिळाली तर एसटीपेक्षा निवांत. अडचण एकच, सिंगल लाइन. समोरून एक्सप्रेस येणार असली की आमची गाडी करमाडला साइडला लावून ठेवतात, खिडकीतून शेतातली कपाशी बघत बसायचं. संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला 2025 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. ती दुसरी लाइन टाकतानाच मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाडला लोकलसाठी जादा लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचे रूळ, आणि लांब प्लॅटफॉर्म धरले तर शेंद्र्याच्या कामगाराला मेट्रोची वाट बघायची गरज नाही. रुळावर विजेची तार आलीच आहे, मेमू म्हणजे विजेवरची लोकल चालवा.

शिफ्टवाला मुकुंदवाडी
दोघांचे आभार, आज पहिल्यांदा कळलं की नेमकं अडतं कुठं. जालनावाले भाऊ, तुमचं शेंद्र्यासाठी पटलं पण वाळूजला रूळ जातच नाहीत, लाइन दौलताबादकडं वळते. आमच्या साइडला काय? मेट्रो निओ स्वस्त असते म्हणतात, ती चालेल का?

लातूरची प्लॅनर
दादा, मी टाउन प्लॅनिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. निओ म्हणजे रबरी टायरची, वरच्या तारेतल्या विजेवर चालणारी बस, उंच मार्गावरून धावणारी. केंद्राच्या हिशोबानं एका तासात एका दिशेला साधारण 8,000 पर्यंत प्रवासी असतील तिथं निओ, 15,000 पर्यंत मेट्रोलाइट म्हणजे रुळावरचीच पण हलकी मेट्रो, त्याच्या वर मोठी मेट्रो. नाशिकच्या निओची 2021 च्या बजेटमध्ये घोषणा झाली, नाशिककर अजून वाट बघायलेत.

वाळूजचं गणित वेगळं आहे. तुमची गर्दी शिफ्टच्या तासाला एकदम येते, दुपारी गाड्या रिकाम्या धावणार. आणि बहुतेक कामगार कंपनीच्या बसनं थेट गेटपर्यंत जातात. स्टेशन नगर रोडवर आणि कंपनी तिथून दोन-तीन किलोमीटर आत असली तर रात्री अकराला सुटणारी बाई स्टेशनपर्यंत चालत जाईल का? नाही जाणार. स्टेशनपासून गेटपर्यंतच्या बस आधी ठरवाव्या लागतील, प्रवासी किती येतील याचा आकडा त्याच्यावरच अवलंबून आहे. दुसरं म्हणजे डेपो. गाड्या धुवायला, दुरुस्तीला सलग मोठी जागा लागते, मुंबईला आरेत कारशेडवरून काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. वाळूज-शेंद्र्याला जमीन अजून मोकळी आहे, एमआयडीसीत प्लॉट पडायच्या आधी ती आरक्षित करायला हवी. दहा वर्षांनी तिथं शेड उभ्या राहतील, मग कुणाला उठवणार?

शिफ्टवाला मुकुंदवाडी
ताई, शिफ्टचं तुम्ही अगदी बरोबर पकडलं, माझी बायको पण सेकंड शिफ्ट करते. आमच्या युनियनची मीटिंग रविवारी आहे. कोणत्या गेटला कोणत्या शिफ्टला किती माणसं, कुठून येतात, एवढी यादी आम्ही सगळ्या कंपन्यांतून गोळा करू शकतो. ती कशी भरायची त्याचा एक नमुना करून द्याल का?

लातूरची प्लॅनर
हो देते, शनिवारपर्यंत इथंच टाकते. राहतात तो वॉर्ड, निघायची वेळ, कशानं येतात आणि महिन्याचा खर्च, एवढे चार रकाने बास झाले. नाव-नंबर घेऊ नका, लोक भरणार नाहीत.