बाग, माळ, तळं: राखणाऱ्यांचे अनुभव

बागेत किंवा राखीव रानात झाड लावायला माणसं मिळतात. ते झाड तिसऱ्या उन्हाळ्यातही जगावं म्हणून पाणी घालणारी, तण उपटणारी, खचलेली वाट बांधणारी, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी माणसं मोजकीच असतात. त्यांचं काम कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून हा धागा. तुमच्या गटानं एखादी जागा सांभाळली असेल तर नेमकं काय केलंत, काय जमलं, कुठे अडलं ते लिहा. नवा गट सुरू करणाऱ्याला उद्या सकाळी उपयोगी पडेल इतक्या तपशिलात लिहा, एवढीच विनंती.

*

मी घाणेरीपासून सुरुवात करते, कारण आमच्या गटाचं बहुतेक आयुष्य तिच्यातच गेलंय. मूळची ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. शोभेचं झुडूप म्हणून जगभरच्या बागांत नेली गेली आणि तिथून रानात शिरली. नुसती छाटून ती मरत नाही. उलट बुंध्यातून आधीपेक्षा दाट फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधी पद्धत सांगितली आहे: मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीनं तोडायचं, झुडूप उचलून मुळं वर, फांद्या खाली असं उलटं ठेवायचं. फुटवे जिथून येतात तो भागच निघून जातो आणि झुडूप जागेवर वाळतं. माती फारशी उकरावी लागत नाही, हा मोठा फायदा.

यानंतर खरं काम सुरू होतं. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि मोठ्या झाडांवर बसून बिया खाली टाकतात. त्यामुळे साफ केलेल्या भागातल्या प्रत्येक मोठ्या झाडाखाली पुढची काही वर्षं फिरत राहावं लागतं. रोप वीतभर असतानाच ओल्या मातीतून हळू खेचलं की मूळ अखंड येतं. नवख्यांना आम्ही आधी पान चुरगळून वास घ्यायला लावतो आणि खोड बोटांत फिरवायला सांगतो. चौकोनी खोड आणि तो उग्र वास एकदा ओळखीचा झाला की स्थानिक रोपं चुकून उपटली जात नाहीत.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात झाडझाडोरा राखण्याची एक रीत घालून दिली. सुरुवात सगळ्यांत बिघडलेल्या भागापासून करायची नाही. जिथे मूळचं रान अजून चांगलं आहे तिथून करायची आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची. मूळची झाडं जितक्या वेगानं मोकळी जागा भरून काढतील, तितकंच पुढे जायचं. उत्साही मंडळींना हा वेग सोसवत नाही, पण ज्या पट्ट्यात आम्ही असं केलं तिथे घाणेरी परत आली नाही, गवत आलं.

*

ताई, फार उपयोगी लिहिलंत. उपटलेल्या झुडपांना फळं धरलेली असली तर काय करता?

*

फळांचे घोस आधी गोणीत काढून घेतो आणि रानाबाहेर नेतो. बाकीचं झुडूप तिथेच वाळू द्यायचं. जमलं तर फळं धरण्याआधीच काम उरकावं.

*

गुडघ्यांमुळे मला कुदळ धरता येत नाही. गटात आपला काय उपयोग, असं वाटून माझ्या वयाचे बरेच जण मागे फिरतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी बागेतल्या ठरावीक झाडांची वही ठेवते. पानगळ कधी सुरू झाली, पालवी कधी फुटली, पहिली कळी, पहिलं फूल, पहिलं फळ. झाडाला क्रमांक, तारीख, शेरा. शेऱ्यात ‘मोहोर आला’ असं मोघम लिहीत नाही. ‘पूर्वेकडच्या खालच्या दोन फांद्यांवर, बाकी झाड निष्पर्ण’ असं लिहिते.

जपानमधल्या क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासूनच्या मिळतात. दरबारातल्या लोकांनी, भिक्षूंनी आपापल्या रोजनिश्यांत त्या लिहिल्या होत्या. त्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यांत लवकरचा, हे कळलं. त्या लिहिणाऱ्यांना आपण हवामानाचा अभ्यास करतोय याची कल्पनाही नसेल. वही नीट ठेवली तर तिचा उपयोग कोण आणि कधी करेल हे सांगता येत नाही, म्हणून मी अक्षर सुवाच्य काढते आणि दरवर्षी वहीची एक प्रत गटाकडे देते.

पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे असतील त्यांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर जरूर टाकाव्यात. २००२ पासून ते चालू आहे आणि जगभरातले संशोधक त्यातली माहिती वापरतात.

*

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आमच्याकडे वृक्षारोपणाला कधीच माणसं कमी पडत नाहीत; आमची लढाई झाडं लावू नका हे पटवून देण्याची आहे.

आम्ही एक माळरान सांभाळतो. बाहेरून येणाऱ्याला ते ओसाड दिसतं. एका संस्थेनं तिथे मियावाकी पद्धतीनं दाट वन करण्याचा प्रस्ताव आणला होता. चौरस मीटरला तीन-चार रोपं लावण्याची ती पद्धत जिथे मुळात जंगल होतं तिथे उपयोगी पडू शकते, पण माळाचं ते नुकसान आहे. चंडोल, टिटवी यांची घरटी जमिनीवर असतात. त्यांना दूरवर दिसणारी मोकळी जागा लागते, झाडं वाढली की ते निघून जातात.

प्रस्ताव आणणाऱ्यांशी आम्ही वाद घातला नाही. विणीच्या दिवसांत त्यांना माळावर नेलं. टिटवीनं पायवाटेला लागूनच चार अंडी घातली होती. घरटं म्हणजे खड्यांच्या कडेनं केलेला उथळ खळगा. अंडी मातकट, त्यांवर काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवून मांडलेली. बोटानं दाखवूनसुद्धा दोघांना ती पटकन दिसेनात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, म्हणून आम्ही लगेच मागे सरलो. प्रस्ताव त्याच आठवड्यात मागे घेतला गेला. पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, आम्ही वाट दोरी बांधून दुसरीकडून वळवली. सकाळी धावायला येणाऱ्यांनी ती दोरी एकदाही ओलांडली नाही, याचा मला फार आनंद आहे.

*

पायवाटांबद्दल थोडक्यात. उतारावर लोक शॉर्टकट काढतात, तिथलं गवत मरतं, पावसाचं पाणी तोच मार्ग धरतं आणि दोन पावसाळ्यांत घळ पडते. नुसती पाटी लावून काही होत नाही. शॉर्टकटच्या दोन्ही तोंडांवर काटेरी फांद्या आणि मोठे दगड टाकायचे, म्हणजे ती वाट दिसतच नाही. मुख्य वाटेवर ठरावीक अंतरानं ओंडका किंवा दगडांची ओळ तिरपी पुरायची, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूच्या गवतात उतरतं. सरळ आडवी पुरली तर मागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारतं. ही कामं पावसाआधी करा, पण पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन एकदा बघायला जाच. पाणी कुठून जातंय हे तेव्हाच कळतं.

*

मी आमच्या गटाचा हिशेब पाहतो. मैत्रीवर सुरू झालेले गट पैशांच्या आणि परवानगीच्या प्रश्नांवर फुटताना पाहिलेत, म्हणून लिहितो.

जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी लेखी करार हवाच. कुठलं काम आम्ही करायचं, कुठल्या कामाला आधी विचारायचं, अवजारं कुठे ठेवायची, कुणाला इजा झाली तर काय, सगळं कागदावर. आमच्याशी उत्तम जमलेले अधिकारी बदलून गेले, नव्यांना आमची माहिती नव्हती, तेव्हा त्या कागदानंच काम थांबू दिलं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची दुरवस्था झाल्यावर नागरिकांनी १९८० साली ‘सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी’ ही संस्था स्थापन केली. आज एवढं मोठं उद्यान ती चालवते, तेही शहराच्या प्रशासनाशी केलेल्या करारानुसारच. जागेची मालकी शहराचीच आहे. गट लहान असला तरी हे सूत्र लागू पडतं.

देणगी रोख घेऊ नका. प्रत्येक कामाला हजेरी लिहा. आणि बैठकीत कोयते, कुदळींची यादी वाचून दाखवा. अवजारं हरवण्यावरून जितकी मनं दुखावतात तितकी कशावरूनच नाही.

*

तळ्यावर काम करणाऱ्यांनो, जलपर्णी काठावर रचून ठेवू नका. पाणी वाढलं की ती परत आत जाते. अनुकूल हवामानात तिचा पसारा दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो, आणि चिखलातल्या बिया कित्येक वर्षं रुजण्याची वाट बघत राहतात. आम्ही काढलेली जलपर्णी तळ्यापासून लांब नेऊन कुजवतो, आणि पुढच्याच आठवड्यात कोपऱ्यांत राहिलेले तुकडे वेचायला परत जातो. या दुसऱ्या फेरीला निम्मीच माणसं येतात. ती निम्मी माणसं तळं वाचवतात.

*

आमचा गट अजून सुरू व्हायचाय. कॉलेजातली मुलं आहोत, बागेच्या मागच्या बाजूला गाजरगवत माजलंय. तिथूनच सुरुवात करावी का?

*

जरूर करा, पण फुलं येण्याआधी. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळे फुलावर आल्यावर उपटण्यात ती पसरण्याचाच धोका असतो. पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटा, तेव्हा माती सोडते. अंगभर कपडे, हातमोजे आणि तोंडावर मास्क हवाच. गाजरगवतानं त्वचेला खाज, पुरळ येतं, काहींना दम्याचा त्रासही होतो. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना हजेरीची वही आणि पाण्याची व्यवस्था द्या. पानांवर पिवळसर, तपकिरी रेषांचे छोटे भुंगेरे दिसले तर ते मारू नका. मेक्सिकोतून आणलेले हे भुंगेरे गाजरगवत खातात. भारतात १९८४ साली ते त्यासाठीच सोडले होते. आणि आधी बागेच्या व्यवस्थापनाला पत्र द्या, वर हिशेबवाल्या दादांनी लिहिलंय तसं. पहिल्या कामानंतर इथे येऊन लिहा.