मदत हवी आहे: सह्याद्री केबलपेक्षा अँटेनावर स्वच्छ दिसेल का?

नमस्कार मंडळी. प्रभादेवीला राहतो, बाराव्या मजल्यावर. खिडकीतून वरळीचा दूरदर्शन टॉवर समोर दिसतो, तरी घरात सह्याद्री मात्र केबलवरच बघतो. चित्र अगदी धूसर! ४३ इंची टीव्हीवर बातम्यांखालची पट्टी वाचायची तर आईला खुर्ची पुढे ओढावी लागते. केबलवाल्या दादांना विचारलं, तर म्हणे एचडी पॅक घ्या. आता सह्याद्रीसाठी एचडी पॅक?

२०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं (म्हणजे टॉवरवरून हवेतून येणारं, साध्या अँटेनावर पकडता येणारं) डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं. वरळीचा तो सिग्नल आजही कुणी घरी पकडतंय का? पकडत असाल तर चित्र केबलहून खरंच बरं आहे का? हवेतूनही एकाच फ्रिक्वेन्सीवर चार-पाच चॅनेल कोंबलेले असतात, त्यामुळे मला फार आशा नाही. डिजिटलमध्ये पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत, एवढं खरं. पण सिग्नल कमी पडला की चौकोन फुटतात नाहीतर चित्र गोठतं.

गच्चीवर जुना लांब दांड्यांचा व्हीएचएफ अँटेना पडून आहे. तो चालेल, की यूएचएफचा (जास्त फ्रिक्वेन्सीसाठीचा, आखूड दांड्यांचा) नवा घ्यावा लागेल? आणि टीव्हीत हा सिग्नल पकडणारा टी२ ट्यूनर आहे का, हे मेनूत नेमकं कुठे दिसतं?

छत्री लावून फ्री डिश घ्या, असं कृपया सुचवू नका. सोसायटी बाहेर काही लावू देत नाही.