'प्रीमियम' पेट्रोल आणि 'ठोकून राहिलेली' गाडी

वर्धारोडकर
गाडीच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करतोय. 'प्रीमियम हाय-ऑक्टेन पेट्रोलने इंजिनचा परफॉर्मन्स सुधारतो का?' या ओळीवर गाडं अडलंय. मी 'उच्च दर्जाचे पेट्रोल' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'अधिमूल्य पेट्रोल' केलं! आणि परफॉर्मन्सला 'कार्यक्षमता' की 'कामगिरी'?

तर्रीपोहे
अधिमूल्य मागून पाहा पंपावर! नागपुरात सदरला आमचा पोट्टा विचारते, "काका, सादं का पावर?" पंप कोणत्याही कंपनीचा असो, महागडं ते पावर.

धरमपेठवासी (मूळ पुणे)
'उच्च दर्जाचे' चूकच. ऑक्टेन हा दर्जा नव्हे. दाबाखाली इंधन आपोआप पेट घ्यायला किती विरोध करतं, त्याचा तो आकडा. आयसो-ऑक्टेनला १००, हेप्टेनला ०. ऊर्जा जवळपास तेवढीच. ९१ साठी बनवलेल्या इंजिनात १०० ओतलं की फक्त खिसा हलका होतो. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात नॉक सेन्सर (इंधन अवेळी आपोआप पेटून होणारी टकटक, म्हणजे नॉकिंग, ओळखणारा) असेल, तर ठिणगी थोडी आधी पाडता येते; तिथे फरक पडू शकतो. 'कार्यक्षमता' म्हणजे एफिशियन्सी. इथे 'कामगिरी'.

वर्धारोडकर
धन्यवाद. मग नॉकिंगला 'ठोकणे' चालेल?

धरमपेठवासी (मूळ पुणे)
मुळीच नको! गेल्या मे महिन्यात मिस्त्रीचा फोन, "ताई, तुमची गाडी ठोकून राहिली." चहा तसाच टाकून रिक्षाने सक्करदरा गाठलं. गाडीवर ओरखडासुद्धा नाही! उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन टकटक करत होतं, एवढंच. ऊन आणि आत साचलेला कार्बन.

तर्रीपोहे
मिस्त्रीचं काय चुकलं? धडकली असती तर 'ठोकली' म्हणाला असता. 'ठोकून राहिली' म्हणजे ठोकते आहे. आम्ही जेवून राहिलो, झोपून राहिलो, तशी गाडी ठोकून राहिली.

शब्दवेडा
हिंदीत 'अपस्फोटन' आहे. आपण 'अपस्फोट' घ्यावा. आणि ऑक्टेनमधला 'ऑक्ट' म्हणजे आपला अष्टच, कार्बनचे आठ अणू. 'अष्टांक' का म्हणू नये?

तर्रीपोहे
अपस्फोट म्हणजे दिवाळीतला फुसका बॉम्ब वाटते राजे हो. अन् अष्टांक पाहायला लोक ज्योतिषाकडे जातील.

शब्दवेडा
हसा. पण तुमचं 'करून राहिलो' तरी कुठे मराठी आहे? हिंदीच्या 'कर रहा हूँ'ची नक्कल.

तर्रीपोहे
नक्कल? माझी आजी हिंदीचा एक शब्द बोलत नव्हती, तरी दिवसभर 'काय करून राहिला रे' म्हणायची.

धरमपेठवासी (मूळ पुणे)
आजी म्हणजे पुरावा नव्हे. पण 'नक्कल'ही अरबीच ना?

वर्धारोडकर
मंडळी, प्रीमियमचं राहिलं. उद्या मजकूर द्यायचाय.

शब्दवेडा
'राहिलं'? बघा, राहणे धातूचे आणखी एक रूप. यावर वेगळा धागा काढतो.