प्रतिसाद: उत्तरेत नवे स्टेडियम, म्हणजे क्लब येईल?

या चर्चेत वर म्हटले आहे की उत्तर गोव्यात मोठे स्टेडियम बांधले की व्यावसायिक फुटबॉल क्लब आपोआप येईल. हे मला पटत नाही. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे तीन क्लब 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा दक्षिण गोव्यात मडगावला फातोर्डाचे स्टेडियम तिथेच होते. अडचण मैदानाची नव्हती. आयएसएलला (इंडियन सुपर लीग या नव्या स्पर्धेला) वरचा दर्जा मिळणार आणि आय-लीग दुय्यम ठरणार, मग पैसा कशासाठी ओतायचा, हा प्रश्न होता. यातल्या धेंपोने तर राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकलेले!

2020-21 चा आयएसएलचा अख्खा हंगाम गोव्यातच फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान यांवर पार पडला. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते हे खरे, पण तीन मैदानांवर देशाची लीग चालू शकते हे दिसले.

सामने दूर पडतात ही उत्तरेची तक्रार मात्र खरी आहे. पेडणे-सत्तरीसारख्या उत्तरेतल्या तालुक्यांच्या पोरांना रात्रीचा सामना पाहून मडगावहून परतायचे कसे? सामन्याच्या दिवशी कदंबच्या (सरकारी परिवहन मंडळाच्या) उशिराच्या बसेस सोडा, म्हापशाच्या धुळेर मैदानाची नीट निगा राखा, तिथे दिवे आणि गॅलरी वाढवा. आणि भात कापल्यावर ज्या शेतांत आमची मुले खेळतात, ती बिल्डरच्या घशात जाण्याआधी गावागावात एकेक मैदान राखून ठेवा. नव्या स्टेडियमचा आराखडा त्यानंतर मांडा, मी स्वतः पाठिंबा देईन.